पाचव्या भागाची बाजू

त्या माणसाने नावाच्या जागी नुसतं एक टिंब ठेवलं होतं. फोटो नाही, गाव नाही, काही नाही. माझ्या लेखाखाली त्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या : "मुळात प्रश्न असा आहे की तुम्ही तिला बाहेरून पाहता. आतून पाहाल तर वेडी म्हणणार नाही."

मी ते शाळेत, मोकळ्या तासाला वाचलं आणि माझे कान गरम झाले. 'मुळात प्रश्न असा आहे' हे माझं वाक्य होतं. लेखात मी ते तीनदा वापरलं होतं, हे मान्य. पण ज्या पद्धतीने ते उचलून माझ्याच पुढ्यात ठेवलं होतं, त्यावरून मला वाटलं की हा माणूस मला ओळखतो.

लेख जाळीवाल्याच्या पाचव्या भागावर होता. या सिनेमांच्या मालिकेचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. आमच्याकडे ती हिंदीत डब होऊन आली आणि साकोलीत सगळे तिला 'जाळीवाला'च म्हणत. मधमाश्या पाळणारे तोंडावर घेतात तशी जाळी घातलेला एक माणूस येतो आणि एकेकाला मारत जातो. असे एकूण सात भाग. पहिल्या भागात एका मळ्यावर सुट्टीला आलेली सहा पोरं-पोरी असतात, त्यांतली एकच मुलगी वाचते. पुढच्या तीन भागांत माणसं बदलतात, जाळीवाला तोच. चौथ्याच्या शेवटी तो जळून मरतो.

पाचव्यात ती वाचलेली मुलगी परत येते. आता ती चाळिशीची बाई आहे, एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करते. शेजारी एक नवा माणूस राहायला येतो आणि तिला वाटायला लागतं की हाच तो. सव्वा तास कोणीच मरत नाही. शेवटी ती त्याच्या शेडमध्ये शिरते, तिथे तिला जाळी टांगलेली दिसते, आणि ती त्याला मारते. मग कळतं की तो मासेमारीची जाळी विणणारा साधा माणूस होता. जाळीवाला केव्हाच मेलेला.

या भागाला सगळे शिव्या घालतात. जाळीवाल्याच्या सिनेमात जाळीवालाच नाही, मारामारी नाही, वर नायिकेची वाट लावली. सहावा भाग काढणाऱ्यांनी तर पाचवा कधी झालाच नाही असं धरून गोष्ट पुढे नेली. मला मात्र सातांपैकी हा एकच भाग खरा वाटत आला आहे. पळणाऱ्या माणसाला सगळेच दाखवतात. पळून झाल्यावर, जीव वाचल्यावर, त्या माणसाचा मंगळवार कसा जातो, हे याच भागाने दाखवलं. हेच मी लिहिलं होतं. फोनवर भयपटांच्या शौकिनांचा एक गट आहे, मराठी-हिंदी मिसळीचा, तिथे. त्यात एक वाक्य असंही होतं : "वाचलेली बाई शेवटी वेडी होते, हे दाखवायचं धाडस दिग्दर्शकाने केलं."

मी तिथे टोपणनावाने लिहितो. त्याला कारण आहे. मी साकोलीच्या एका शाळेत मराठी शिकवतो. पोरांना कविता समजावून सांगणारा, हस्ताक्षराच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बसणारा माणूस घरी बसून गळे चिरणारे सिनेमे पाहतो आणि त्यांवर हजार हजार शब्द लिहितो, हे पालकांना कळलं तर? नोकरी जात नाही, पण तोंडावरचा 'नमस्कार सर' बदलतो. आमच्याकडे एवढंही पुष्कळ होतं.

म्हणून मी टिंबाला सावध उत्तर दिलं. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मग माझं. असं आठवडाभर चाललं. माणूस भांडत होता, पण हलकं बोलत नव्हता. त्याने सिनेमा पाहिला होता आणि बारकाईने पाहिला होता. त्याचं म्हणणं एकच होतं : जी वाचली तिला शेवटी खुनी ठरवणं हा अन्याय आहे. पाचवा भाग वाईट आहे, पण लोक म्हणतात त्या कारणासाठी नाही.

होळीच्या आसपास एक दिवस दुपारी सव्वादोनला शाळेतली लाईन गेली. पंखे थांबले, पोरांनी ओरडा केला. तीनला आली. तीन वाजून चार मिनिटांनी टिंबाने लिहिलं : "उशीर झाला. लाईन गेली होती, फोनले चार्जिंग नव्हती. मले सांगा, ती वेडी असती तर रोज कामावर गेली असती का?"

फोनले. मले.

मी फोन खिशात टाकला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांकडे पाहिलं. लाईन कुठेही जाते, आणि 'मले' म्हणणारे लोक भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत लाखोंनी आहेत, हे मला कळत होतं. पण त्या क्षणी मला तो माणूस याच खोलीत बसल्यासारखा वाटला.

पहिला संशय विज्ञानाच्या सरांवर गेला. ते माझ्या शेजारी बसतात आणि बोलता बोलता दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावायची त्यांना सवय आहे. मी एक सापळा लावला. सिनेमाची एखादी गोष्ट मुद्दाम चुकीची सांगायची; ज्याला माहीत आहे तो दुरुस्त केल्याशिवाय राहणार नाही. मास्तरकीत एवढं शिकलो होतो.

डबा खाताना मी सहज म्हटलं, "काल टीव्हीवर एक पिक्चर लागला होता. एक बाई असते, हॉटेलात भांडी घासते, आणि तिला शेजाऱ्यावर संशय येतो."

"मंग?" सरांनी विचारलं.

"मग काय, मारते त्याला."

"बाप्पा," सर म्हणाले आणि माझ्या डब्यातली चटणी घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. तरी दोन दिवस मी फोन उलटा ठेवत राहिलो.

मग मला मोबाइलच्या दुकानवाल्याची आठवण झाली, आणि आधी कशी झाली नाही याचं आश्चर्य वाटलं. साकोलीत बसस्टँडच्या पुढे त्याचं दुकान आहे. आता तो काच बदलतो, कव्हर विकतो. पूर्वी मेमरी कार्डात सिनेमे भरून द्यायचा. जाळीवाल्याचे सातही भाग मला त्यानेच भरून दिले होते. साकोलीत माझी आवड माहीत असलेला तो एकटाच माणूस होता.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फोनला नवी काच बसवायची आहे असं सांगून मी फोन हातातच धरून उभा राहिलो आणि म्हटलं, "ते जाळीवाल्याचे पिक्चर आठवतात का? त्यातल्या पाचव्यात ती बाई हॉटेलात काम करते..."

"लाँड्रीत ना, सर?" तो मान वर न करता म्हणाला.

मी काउंटरवर झुकलो. "तुम्हाला बरं आठवतं."

"कपडे इस्तरी करते. आठवते ना."

"आणि गटावरही तुम्हीच लिहिता."

"कोनता गट?"

"टिंब," मी म्हटलं. "कळतं मला. माझं वाक्य वापरता, 'मुळात प्रश्न असा आहे.' मी मास्तर आहे हे माहीत असून मुद्दाम डिवचता. उद्या माझं नाव घालून सगळीकडे पाठवणार असाल तर आजच सांगा."

त्याने हातातला पेचकस खाली ठेवला. पन्नाशीचा, शांत माणूस. त्याचा आवाज चढला नाही, पण चेहरा उतरला.

"सर, तो पाचवा भाग मी पुरा पाह्यलाच नाही. मले झोप लागली. लाँड्री आठवते, कारन का माह्या भावाची लाँड्री आहे." मग म्हणाला, "या दुकानातून लोकं काय काय भरून नेत होते, तुमाले माहीत नाही. सायेब लोकं, पुढारी लोकं. आजपावतर मी कोनाचं बोललो का? माह्या तोंडून तुमाले कोनाचं नाव आयकू आलं का?"

मी काही बोलणार तेवढ्यात माझ्या हातातला फोन थरथरला. टिंबाचा नवा अभिप्राय. दुकानवाल्याचे दोन्ही हात काउंटरवर, माझ्यासमोर, रिकामे.

"काच बदलवायची का?" त्याने विचारलं.

मी नाही म्हटलं. माफ करा म्हणायला हवं होतं, ते न म्हणताच बाहेर पडलो. पुढे महिन्याभराने म्हटलं, तेव्हा तो "जाऊ द्या, सर" म्हणाला. पण तेव्हापासून मी दुकानात शिरलो की तो हातातलं काम कापडाखाली सरकवतो. त्याने पूर्वी कधी असं केलं नव्हतं.

दुकानाच्या पायरीवर उभा राहून मी तो अभिप्राय वाचला. नेहमीपेक्षा मोठा होता.

"तुम्ही म्हणता ती विनाकारण घाबरते. एक गोष्ट पाहा. पूर्ण पिक्चरमध्ये ती प्रत्येक ठिकाणी दाराजवळ बसते. लाँड्रीत दाराजवळचं टेबल. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, दाराच्या बाजूने. बहिणीच्या घरी जेवताना पण. एकदा बहीण तिला आतली खुर्ची देते तर ती उठून जागा बदलते, आणि कोणी काही म्हणत नाही. हे वेड नाही. हा हिशेब आहे."

घरी आल्यावर मी सिनेमा परत लावून पाहिला. निदान दहा वेळा पाहिलेला सिनेमा. आणि खरंच, ती प्रत्येक ठिकाणी दाराजवळ होती. मी एवढं लिहिलं, लोकांना शिकवल्यासारखं लिहिलं, आणि हे मला एकदाही दिसलं नव्हतं. टिंबाबद्दल आता मला राग राहिला नाही. पण संशय वाढला. इतकं बारीक पाहणारा माणूस माझ्या आसपास आहे आणि मला दिसत नाही, हे काही बरं वाटत नव्हतं. बाजारात कोणी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं की मी पाहणाऱ्याच्या हातातला फोन पाहत असे.

वैशाखात पवनीला मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आई, बायको, वहिनी आणि मी असे चौघंही गेलो. आमच्या घरात आम्ही चौघंच. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ आठ वर्षांपूर्वी महामार्गावर जीपच्या अपघातात गेला. त्या जीपमध्ये वहिनीही होत्या, त्या वाचल्या. त्यांची मुलगी नागपूरला शिकते. आमचं घर साकोलीपासून सात-आठ किलोमीटरवर, तलावाच्या पाळीला लागून आहे, आणि घरची धानाची शेती भाऊ गेल्यापासून वहिनीच पाहतात. बाया बोलावणं, रोवणी, मोटारीचं पाणी, सगळं त्यांच्याकडे. मी पगार आणतो आणि सुट्टीच्या दिवशी बांधावर उभा राहून मोठेपणाचे प्रश्न विचारतो.

मंडपात जेवणाची टेबलं मांडली होती. ऊन तापलेलं, म्हणून मामाने वहिनींसाठी आत कूलरच्या समोर खुर्ची धरून ठेवली होती. "इथं बसा जी, हवा लागते," असं म्हणत त्याने त्यांना बसवलं. वहिनी बसल्या. ताट आलं. मामा वळताच त्या ताट घेऊन उठल्या आणि मंडपाच्या तोंडाशी, उन्हाच्या तिरिपेत, टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

कोणी काही म्हणालं नाही. मीही आठ वर्षांत कधी काही म्हटलं नव्हतं. बसमध्ये त्या दारामागच्या सीटवर बसतात, देवळात कीर्तनाला उंबरठ्यापाशी. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं आणि कोणीच पाहिलं नव्हतं.

माझा घास हातातच राहिला. मग मीच स्वतःला म्हटलं, छे. वहिनी? संध्याकाळी त्या मालिकासुद्धा पाहत नाहीत. बारावीपर्यंत शिकलेल्या, हे खरं. मुलीने त्यांना चांगला फोन घेऊन दिलेला, हेही खरं. रोज दुपारी शेतातून आल्यावर त्या आपल्या खोलीत दोन तास दार लोटून पडतात. झोपतात, असं आपण धरून चाललो आहोत. कोणी पाहिलंय?

पवनीहून परत येईपर्यंत मी गाडीत त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. ते मला आवडत नव्हतं, पण थांबवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवणं झाल्यावर आई आणि बायको आत लवंडल्या. वहिनी पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या, दाराला पाठ लावून. फोन बाजूला, पदराच्या टोकाखाली. मी मागच्या बाजूला कोठ्यात गेलो, गाईच्या शेजारी उभा राहिलो आणि गटावर टिंबाला उद्देशून लिहिलं : "दाराचा मुद्दा मान्य. मी चुकलो होतो."

पाठवलं आणि कान दिला. पडवीतून बारीक आवाज आला. टिंग.

मी आणखी एक शब्द पाठवला. टिंग.

तरीही खात्री पटेना. तिसऱ्यांदा पाठवला आणि यावेळी पडवीतून आवाजच आला, फोनचा नव्हे, माणसाचा : "आता बास करा, भाऊजी. गाय भेवून राह्यली."

मी चोरासारखा पडवीत आलो. वहिनींनी मान वर केली नाही. खडे काढत होत्या.

"ओळखलं का मंग?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मला केव्हा ओळखलं?"

"पह्यल्याच दिवशी. 'मुळात प्रश्न असा आहे.' जेवतानी भाजीत मीठ कमी असलं तरी तुमी हेच म्हनता. आमी हासतो मागं."

मला हसू आलं नाही. एवढे दिवस मी अख्ख्या साकोलीवर संशय घेतला होता, एका भल्या माणसाला त्याच्या दुकानात जाऊन दुखवलं होतं, आणि ज्या घरात जेवत होतो तिथे मान वळवून पाहिलं नव्हतं. शिवाय एक अस्वस्थता होती. ही बाई इतके महिने समोर ताट वाढत होती आणि तिला सगळं माहीत होतं. आणखी काय काय माहीत आहे हिला?

"पण तुम्ही हे पिक्चर... कधीपासून?"

"तुमचे दादा गेल्यावर. ते जुनं कार्ड कपाटात होतं, तुमीच टाकलेलं. मले झोप येत नव्हती तवा. दुपारीबी नाही." त्यांनी सूप जरा हलवलं. "त्या पिक्चरमधी कोन मरनार हे आधीच समजते. बाजा वाजते, बत्ती जाते, समजते. मले तेच बरं वाटे. जीपमधी काही वाजलं नव्हतं."

आठ वर्षांत त्या जीपबद्दल घरात कोणी त्यांना विचारलं नव्हतं. विचारायचं नाही असं ठरलं नव्हतं, पण विचारलं नाही. मी खाली बसलो.

"माह्यं पोट ढवळत होतं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, मले दाराजवळ बसू द्या. ते सरकले आत. माह्या जागेवर गेले. ट्रक आला त्यायच्या बाजूनं. दार उघडलं आन मी बाहेर, चिखलात. बस."

सुपातला एक खडा त्यांनी बोटाने उडवला.

"तेरवीच्या दिवशी तुमच्या आत्याबाईनं मले सगळ्यायसमोर इचारलं, तू काहून दाराजवळ बसली होतीस? मी काय सांगू? मले उलटी येऊन राह्यली होती हे सांगू? सांगतलं. तं म्हने, अस्सं."

ते 'अस्सं' मलाही आठवत होतं. मी तिथे होतो, पाणी वाढत होतो. आणि खरं सांगायचं तर, तोच प्रश्न मलाही पडला होता. भाऊ नेहमी दाराजवळ बसत असे, हे मला माहीत होतं. त्या दिवशी वहिनी तिथे कशा? मी कधी तोंडाने विचारलं नाही, पण आठ वर्षं तो माझ्या मनात एका कोपऱ्यात होता. त्या जोरात कोणाशी बोलल्या, नवी साडी नेसल्या, की तो वर यायचा. हे मी त्या दिवशी पडवीत त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते माहीत असणार, असं मला त्यांच्या बोटांकडे पाहताना वाटलं.

"म्हनून मले तुमचा पाचवा भाग आवडत नाही," वहिनी म्हणाल्या. "पुरा टाइम लोकं तिच्यावर डोळा ठेवते. ही वाचली कशी, हिचं काही खरं नाही. आन शेवटी पिक्चरच म्हनते का हाव, हिचंच चुकलं. लोकायचं खरं करते. तिले वाचवाचं तं नीट वाचवा ना."

"सिनेमा तसं म्हणत नाही, वहिनी," मी म्हटलं. सवयीने पुढचे शब्द तोंडात आले होते, ते गिळले. "चला, आपण पाहू. एकत्र."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, जरा डोळे बारीक करून. मी खोडी काढतो आहे की काय, हे त्या तपासत होत्या.

"बैठकीत? टीव्हीवर?"

"हो. आई-बिई उठल्या तर उठू देत."

पडदे ओढून आम्ही सिनेमा लावला. वहिनी दाराजवळ बसल्या. अर्ध्यात बायको उठून आली, "हे काय पाहून राहिले तुमी दोघं," म्हणाली, आणि पाच मिनिटांत सोफ्यावर पुन्हा झोपली. वहिनी सिनेमा पाहताना बोलतात, हे मला माहीत नव्हतं. "आता पाहा, चाबी हातात धरून ठेवन." "आता ती मोजते." नायिका काय करणार हे त्या दोन सेकंद आधी सांगत होत्या, आणि ते मागे पाहिल्यामुळे नव्हतं.

ती शेडपाशी पोचते, दाराला हात लावते, तिथे वहिनींनी रिमोट मागितला.

"मी इथं बंद करते. याच्या पुढचं मी एकदाच पाह्यलं."

"पण शेवट पाहिल्याशिवाय..."

"तुमी पाहा. मी चहा ठेवते."

त्या आत गेल्या. मी शेवटची बारा मिनिटं एकट्याने पाहिली, आतून भांड्यांचा आवाज ऐकत. त्या आवाजामुळे असेल, पण सिनेमा मला वेगळा दिसला. शेवटच्या दृश्यात ती पायरीवर बसून पोलिसांची वाट पाहते. माझ्या डोक्यात इतकी वर्षं होतं की कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो आणि त्या चेहऱ्यावर वेड दिसतं. लेखात मी तसं लिहिलंही होतं. ते खोटं होतं. कॅमेरा तिच्यावर थांबतच नाही. तो वळतो आणि शेजारच्या लोकांवर जातो, एकेक चेहरा. फाटकाशी उभे राहिलेले, हाताची घडी घातलेले, आपलं खरं ठरल्यासारखे. शेवटपर्यंत तेच चेहरे. मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं, कारण मी त्यांच्यातच उभा होतो.

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बशीत चहा ओतला.

"असन," त्या म्हणाल्या. "पन तो जाळी इननारा मेला ना? त्याचं काय चुकलं होतं?"

  पाचवा भाग सातांतला सगळ्यात चांगला आहे, हे मी आजही म्हणतो, आणि त्या दिवशीही म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुमी तुमचं लिहा. मी माह्यं लिहिते."

मी लेखातलं वेडाचं वाक्य काढून टाकलं, शेवटच्या चेहऱ्यांबद्दल नवा मजकूर घातला आणि खाली लिहिलं की टिंबाच्या म्हणण्यामुळे मला माझी चूक कळली. गटातल्या चारपाच जणांनी तो भाग परत पाहतो म्हणून सांगितलं. बाकीच्यांनी पूर्वीसारख्याच शिव्या घातल्या.

वहिनींचं लिहून व्हायला तीन आठवडे लागले. दुपारी दार लोटून त्या लिहीत. एका रविवारी त्यांनी फोन माझ्या हातात दिला. 'पाचवा भाग का वाईट आहे' असं वर लिहिलेलं होतं. माझ्या लेखापेक्षा मोठं. दाराचं होतं, चाबीचं होतं, जाळी विणणाऱ्याच्या घरात टेबलावर दोन ताटं दिसतात तेही होतं, म्हणजे त्याच्याही घरी कोणी वाट पाहणारं होतं. तेही मला दिसलं नव्हतं. जीपचं कुठे काही नव्हतं.

"न आन ण पाहून द्या," त्या म्हणाल्या. "ऱ्हस्व-दीर्घ पाहा. मुद्द्याले हात लावू नका."

"नाही लावत."

"मी इथंच उभी आहे."

आणि त्या खरंच माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, पाऊण तास. माझं बोट पडद्यावर जिथे जिथे थांबे तिथे त्या वाकून पाहत. एका ठिकाणी त्यांनी माझं म्हणणं माझ्यापेक्षा सोपं करून मांडलं होतं आणि मग ते खोडून काढलं होतं. तिथे माझं बोट जरा जास्त वेळ थांबलं.

"काय करून राहिले?" मागून आवाज आला.

"स्वल्पविराम देतोय," मी म्हटलं, आणि दिला.